गुप्तहेराविना रहस्यपट : हॉलिवूडचा स्टुडिओकाळ आणि मराठी पडदा

मराठी वाचकाच्या घरात गुप्तहेर फार लवकर शिरला. मराठी पडद्यावर मात्र तो फार उशिरा आला, आणि आला तेव्हाही त्याचा मुक्काम पक्का झाला नाही. चंद्रकांत सखाराम चव्हाण, म्हणजेच बाबुराव अर्नाळकर, यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही नावे मुंबईच्या चाळींपासून तालुक्याच्या वाचनालयांपर्यंत पोहोचली. तरीही यांपैकी एकाही नायकाभोवती वर्षानुवर्षे चालणारी चित्रपटमालिका मराठीत उभी राहिली नाही. ज्या दशकांत अर्नाळकरांचा वाचक वाढत होता त्याच दशकांत अमेरिकेतील चित्रपटसंस्था शेरलॉक होम्स, चार्ली चॅन, फायलो व्हान्स अशा तपासनिसांना घेऊन एकामागून एक चित्रपट काढीत होत्या आणि त्यांतील अनेक मुंबई-पुण्याच्या इंग्रजी चित्रगृहांतून दाखवलेही जात होते. नमुना समोर होता, वाचक तयार होता, आणि १९३० च्या दशकात पुण्यात प्रभातसारखी सुसज्ज संस्थाही होती. मग गुप्तहेर अडला कुठे, हा प्रश्न मराठी चित्रपटाच्या अभ्यासकाने अंगावर घ्यावा इतका मोलाचा आहे, कारण त्याच्या उत्तरात चित्रपटांचा धंदा, कायदा, रंगभूमी आणि कुटुंबसंस्था या चारही गोष्टींचा हात दिसतो.

प्रथम त्या अमेरिकी नमुन्याचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे. स्टुडिओकाळ म्हणजे साधारणपणे बोलपटाच्या आगमनापासून १९४० च्या दशकाच्या अखेरीपर्यंतचा तो काळ, ज्यात एमजीएम, पॅरामाउंट, वॉर्नर, फॉक्स आणि आरकेओ या पाच मोठ्या संस्था चित्रपट काढीत, त्याचे वितरण करीत आणि तो स्वतःच्याच चित्रगृहांत दाखवीत. नट, लेखक, छायालेखक आणि सुतारापर्यंत सारी माणसे पगारावर बांधलेली असत. एका तिकिटात दोन चित्रपट दाखवण्याची प्रथा पडल्यावर मुख्य चित्रपटाच्या जोडीला तासा-सव्वातासाचा एक स्वस्त चित्रपट लागू लागला, आणि ही जोडीची जागा भरण्यासाठी तपासकथेइतका सोयीचा प्रकार दुसरा नव्हता. उभे असलेले दिवाणखाने, धुक्याने झाकलेली गल्ली, एक कुशल नट आणि दर वेळी नवा खून एवढ्यावर काम भागे. बॅसिल रॅथबोन आणि नायजेल ब्रूस यांनी १९३९ मध्ये फॉक्ससाठी होम्स-वॉटसनचे दोन चित्रपट केले आणि पुढे १९४२ ते १९४६ या काळात युनिव्हर्सलसाठी आणखी बारा. चार्ली चॅन या चिनी तपासनिसाच्या मालिकेत वॉर्नर ओलँड या मूळच्या स्वीडिश नटाने नायक रंगवला आणि त्याच्या मृत्यूनंतर दुसऱ्या गोऱ्या नटाकडे ती भूमिका गेली. चिनी माणूस बुद्धिमान दाखवायचा, पण ती भूमिका चिनी नटाला द्यायची नाही, हा त्या व्यवस्थेचा अन्याय आजच्या अभ्यासकाला नजरेआड करता येत नाही. डॅशिएल हॅमेटच्या कादंबरीवरून एमजीएमने १९३४ मध्ये काढलेला ‘द थिन मॅन’ दिग्दर्शक व्हॅन डाइक यांनी तीन आठवड्यांहूनही कमी वेळात चित्रित केला, आणि विल्यम पॉवेल व मर्ना लॉय यांची जोडी लोकांना इतकी आवडली की १९४७ पर्यंत त्या मालिकेत सहा चित्रपट झाले. शेवटी सर्व संशयितांना एकाच टेबलावर जेवायला बसवून तपासनिसाने खुनी ओळखून दाखवायचा, ही त्या पहिल्या चित्रपटातील युक्ती पुढे या प्रकाराची खूणच बनली.

या चित्रपटांवर १९३४ पासून एक नीतिसंहिता काटेकोरपणे लागू झाली. गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, असा तिचा दंडक होता. आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘रिबेका’ (१९४०) मध्ये तिचा परिणाम स्पष्ट दिसतो. मूळ कादंबरीत नवरा बायकोचा खून करतो आणि सुटतो, तर पडद्यावर तिचा मृत्यू अपघाती ठरवावा लागला, कारण एरवी नायकाला शिक्षा देणे भाग पडले असते. १९४१ मध्ये जॉन ह्यूस्टनच्या ‘द मॉल्टीज फाल्कन’ने आणि त्यानंतरच्या पाच वर्षांत ‘लॉरा’, ‘मर्डर, माय स्वीट’, ‘द बिग स्लीप’ यांनी तपासनिसाला दिवाणखान्यातून उचलून रात्रीच्या रस्त्यावर आणले. तो आता कोडे सोडवणारा हुशार पाहुणा उरला नाही. फसवला जाणारा, मार खाणारा आणि तरीही आपला शब्द पाळणारा एकटा माणूस झाला. सावल्यांनी भरलेल्या या चित्रपटांना फ्रेंच समीक्षकांनी १९४६ मध्ये ‘फिल्म न्वार’, म्हणजे काळा चित्रपट, असे नाव दिले. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट खटल्यात संस्थांची चित्रगृहांवरील मालकी मोडीत काढण्याच्या बाजूने निकाल दिला आणि ज्या यंत्रणेवर तपासमालिका पोसल्या होत्या ती यंत्रणा हळूहळू उसवत गेली.

यावरून एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. गुप्तहेराची मालिका ही लेखकाच्या प्रतिभेइतकीच कारखानदारीची निर्मिती होती. चौदा होम्सपट निघाले ते होम्स लोकप्रिय होता म्हणून, आणि तितकेच ते तयार सेट, पगारी नट आणि हमखास मिळणारी चित्रगृहे हाताशी होती म्हणूनही. मराठीत यांपैकी पहिली बाजू भक्कम होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जन्मलेल्या वाचनाच्या भुकेला गो. ना. दातारशास्त्री यांनी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांच्या आधारे ‘कालिकामूर्ती’ आणि ‘इंद्रभुवनगुहा’ यांसारख्या अद्भुत-रहस्यमय कादंबऱ्या पुरवल्या होत्या. तळघरे, वेषांतरे, हरवलेले वारस आणि परत येणारे मृत यांची गोडी मराठी वाचकाला तिथेच लागली. अर्नाळकरांनी ती गोडी शहरात आणली, तिला मोटार, टेलिफोन आणि पिस्तूल दिले, आणि किंमत इतकी खाली ठेवली की विद्यार्थ्यालाही ते पुस्तक परवडावे. पुढे गुरुनाथ नाईकांनीही हजारावर कादंबऱ्या लिहून तो प्रवाह चालू ठेवला. समीक्षेने या साहित्याकडे पाठ फिरवली. परंतु वाचायला बसण्याची सवय मराठी समाजाच्या मोठ्या थराला याच पुस्तकांनी लावली, हे ऋण मान्य करण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

दुसरी बाजू, म्हणजे कारखान्याची, मराठीत दोन दशकेच टिकली. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात स्थापन झालेली आणि १९३३ मध्ये पुण्यात आलेली प्रभात फिल्म कंपनी ही पगारी कलावंत, स्वतःची प्रयोगशाळा आणि भव्य चित्रीकरणगृहे असलेली खरीखुरी स्टुडिओसंस्था होती. तपासकथा काढणे तिला जमण्यासारखे होते, आणि ती किती जवळून गेली हे १९३९ च्या ‘माणूस’वरून कळते. व्ही. शांताराम यांच्या या चित्रपटाचा नायक पोलीस शिपाई आहे, नायिका मैना वेश्यावस्तीत सापडलेली आहे, कथेत खून आहे, अटक आहे, तुरुंग आहे. अमेरिकी संस्थेने एवढ्या सामग्रीतून निःसंशय एक रहस्यपट उभा केला असता. प्रभातने मात्र खून कोणी केला हे लपवण्याचा विचारसुद्धा केला नाही. मामाचा खून मैनेच्या हातून होतो हे प्रेक्षकाला ठाऊक असते, आणि चित्रपटाचे सारे बळ त्या शिपायाला कर्तव्य आणि माया यांच्यामध्ये उभे करण्यात खर्च होते. गुन्हा हा सोडवण्याचा प्रश्न नसून सोसण्याचा प्रसंग आहे, ही दृष्टी पुढील अर्धशतकभर मराठी पडद्याने सोडली नाही, आणि तिचा पहिला समर्थ आविष्कार एका गणवेशधारी पोलिसाच्या कथेत व्हावा हे अर्थपूर्ण आहे. याखेरीज प्रभातचा चित्रपट एकट्याने पूर्ण खेळ भरून काढी. जोडीच्या स्वस्त चित्रपटाची जागाच आपल्याकडे नव्हती, त्यामुळे जिच्या आधाराने होम्स आणि चॅन जगले ती फटही नव्हती. १९५३ मध्ये प्रभातचा कारभार बंद पडला आणि त्यानंतर मराठी चित्रपट एकेकट्या निर्मात्यांच्या जुळवाजुळवीवर निघू लागला. एक चित्रपट पुरा करतानाच जिथे दमछाक होई, तिथे एकाच नायकाचे सहा चित्रपट कोणी योजावेत?

मुंबईतील हिंदी चित्रपटाने या वाटेवर थोडी अधिक पावले टाकली. बॉम्बे टॉकीजचा पहिलाच चित्रपट ‘जवानी की हवा’ (१९३५) रेल्वेगाडीतील खुनाभोवती फिरतो. वाडिया मूव्हीटोनच्या ‘मिस फ्रंटियर मेल’ (१९३६) मध्ये ‘सिग्नल एक्स’ नावाचा मुखवटाधारी खलनायक आहे आणि खुनाच्या खोट्या आरोपात अडकलेल्या स्टेशनमास्तरची बाजू नटी नादिया हिची नायिका स्वतः मैदानात उतरून लढवते. येथे रहस्य आहे, पण त्यावर उत्तर डोक्याने कमी आणि मुठीने अधिक शोधले जाते. पुढचा दुवा थेट पुण्यातून निघतो. प्रभातच्या अखेरच्या वर्षांत तेथे नोकरीला असलेला गुरुदत्त आणि ‘हम एक हैं’ (१९४६) मधून पदार्पण करणारा देव आनंद यांची मैत्री त्या आवारात जुळली, आणि त्या मैत्रीतून मुंबईत ‘बाजी’ (१९५१) आला, ज्यात जुगारअड्डा, रात्रीचे रस्ते आणि खोटा आळ ही न्वारची सामग्री प्रथमच ठसठशीतपणे हिंदीत उतरली. गुरुदत्तने निर्माण केलेला आणि राज खोसला यांनी दिग्दर्शित केलेला ‘सी.आय.डी.’ (१९५६) तर एका वृत्तपत्र-संपादकाच्या खुनाच्या तपासावरच बांधलेला आहे. परंतु तेथेही कारस्थानामागचा माणूस प्रेक्षकापासून फार काळ लपवलेला नाही आणि तपास करणारा इन्स्पेक्टरच पुढे आरोपी होऊन पळू लागतो. हेच राज खोसला दहा वर्षांनी एका मराठी रहस्यपटाकडे वळणार होते, हा या इतिहासातील फार सुंदर योगायोग आहे.

त्या मराठी चित्रपटाकडे जाण्यापूर्वी, तो कोणापुढे दाखवला जाणार होता याचा विचार केला पाहिजे. शहरापलीकडचा मराठी प्रेक्षक कसा होता हे समजण्यासाठी पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग, म्हणजे शिरूर आणि दौंड हे दोन तालुके, चांगले उदाहरण ठरतात. दौंड हे पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे जंक्शन. मनमाडकडे जाणारा फाटा १८७८ मध्ये सुरू झाल्यापासून तेथे रेल्वेची वसाहत, इंग्रजी बोलणारे कर्मचारी आणि दोन दिशांची वर्दळ आली. घोड नदीकाठचे शिरूर, जुन्या लोकांचे घोडनदी, हे मात्र पुणे-नगर रस्त्यावरचे गाव; एकेकाळची इंग्रजांची छावणी, पण रेल्वे नाही. चित्रपटाच्या पेट्या रेल्वेने पार्सल म्हणून फिरत त्या काळात हा फरक लहान नव्हता. या पट्ट्यातील खेड्यांना चित्रपट भेटे तो बहुधा यात्रेत, तंबूत. येमाईच्या कवठ्यासारख्या गावांना तमाशाच्या फडांची जुनी ओढ, आणि यात्रेच्या मैदानात फडाशेजारीच टुरिंग टॉकीजचा तंबू उभा राहिला तर त्याला प्रेक्षकही तेच मिळणार.

तंबूतील खेळाची रीत रहस्यपटाच्या मुळावर येणारी होती. ३५ मिलिमीटरच्या दोन हजार फुटी रिळाला सुमारे बावीस मिनिटे लागतात. जिथे एकच प्रक्षेपक असे तिथे रीळ संपले की दिवे लावून दुसरे चढवावे लागे, आणि प्रत्येक खंडात लोकांमध्ये बोलणे सुरू होई. ज्याने आदल्या रात्री तोच खेळ पाहिला आहे असा माणूस तंबूत असणारच, आणि खुनी कोण हे शेजाऱ्याला सांगून टाकण्याचा मोह त्याला होणारच. उशिरा येणारे, पोर रडले म्हणून बाहेर जाणारे, वाऱ्याने फडफडणारे कापड, शेजारच्या फडाची ढोलकी, या सगळ्यांतून ज्या कथेचा आनंद एका सुटलेल्या धाग्यावर अवलंबून आहे ती कथा टिकणे कठीण असते. उलट ज्या कथेत प्रेक्षकाला सगळे ठाऊक आहे आणि फक्त पात्रांना ठाऊक नाही, ती कथा कुठूनही पाहायला घेतली तरी धरून ठेवते. तमाशाच्या वगाने या प्रेक्षकाला नेमके हेच शिकवले होते: खलपुरुष आल्याबरोबर ओळखू येतो, आणि त्याची वाचा कधी बसते याची वाट पाहण्यात रात्र जाते. १९५९ मध्ये अनंत मानेंच्या ‘सांगत्ये ऐका’ने पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात १३१ आठवडे मुक्काम केला, तेव्हा निर्मात्यांना बाजार कोणत्या बाजूला आहे हे कळून चुकले. त्या चित्रपटातही जुन्या गुन्ह्याचा गौप्यस्फोट आहेच. पण तो करणारी व्यक्ती तपासनीस नसून अन्यायातून जन्मलेली मुलगी आहे, आणि पुरावा मांडण्याचे तिचे ठिकाण तमाशाचा बोर्ड आहे.

कायद्याचाही विचार करावा लागतो. अमेरिकी कथेतील खाजगी तपासनीस परवाना बाळगतो, कार्यालय थाटतो, पोलिसांशी भांडतो. त्याच्या मागे एक मान्य व्यवसाय आहे. भारतात खाजगी गुप्तहेरांच्या नियमनासाठी विधेयक मांडले गेले तेच २००७ मध्ये, आणि त्याचा कायदा झाला नाही. शिरूर-दौंडच्या एखाद्या गावात खून झाला तर खबर पोलीस पाटलाकडे जाते, फौजदार येतो, पंचांसमक्ष पंचनामा होतो आणि पुढचे सारे कोर्टात ठरते. या साखळीत शुल्क घेऊन तपास करणाऱ्या त्रयस्थाला बसायला जागा नाही. पुस्तकात झुंजार ही जागा निर्माण करू शकला, कारण पुस्तक वाचकाच्या कल्पनेवर चालते. पडद्यावर मात्र खरे ठाणे, खरा रस्ता, खरी माणसे दाखवावी लागतात, आणि तिथे हा त्रयस्थ उपरा वाटू लागतो. ब्रिटिश अमदानीत, १९२० पासून मुंबईत सेन्सॉर मंडळ काम करू लागल्यावर, पोलिसांचे चित्रण हा आणखी नाजूक विषय झाला; मूर्ख पोलीस आणि चतुर खाजगी हेर ही लंडनची लोकप्रिय जोडी वसाहतीत सहज दाखवण्यासारखी नव्हती.

या सर्व अडचणींतून वाट काढून मराठीत जो रहस्यपट निर्माण झाला तो राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४). जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात डॉ. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांच्या प्रमुख भूमिका आहेत, गीते ग. दि. माडगूळकरांची, संगीत दत्ता डावजेकरांचे. पत्नी मरण पावली आहे, नवरा तिच्या आठवणीत जगतो आहे, आणि अशा वेळी हुबेहूब तिच्याच चेहऱ्याची एक स्त्री गुन्हेगार म्हणून समोर येते व मीच तुझी पत्नी असे सांगू लागते. या कथेची शक्ती ओळखून राज खोसलांनी १९६६ मध्ये साधना आणि सुनील दत्त यांना घेऊन ‘मेरा साया’ काढला. मराठीतून हिंदीने रहस्य उसने घ्यावे अशी उदाहरणे मोजकीच, आणि त्यांत हे अग्रभागी.

‘पाठलाग’चे वेगळेपण ओटो प्रेमिंगरच्या ‘लॉरा’ (१९४४) शी ताडून पाहिल्यास विशेष उठून दिसते. दोन्ही कथांचा सांगाडा आश्चर्यकारकरीत्या जवळचा आहे: जी मेली असे सर्वांनी धरले ती जिवंत परत येते, आणि मृतदेह दुसऱ्याच स्त्रीचा होता हे उघड होते. ‘लॉरा’मध्ये पोलीस तपासनीस मृत स्त्रीच्या घरी रात्री एकटा बसला आहे, भिंतीवर तिचे तैलचित्र आहे, तिची पत्रे, तिचे कपडे, तिचे मित्र यांची छाननी करता करता तो कधीही न भेटलेल्या त्या स्त्रीच्या प्रेमात पडला आहे, चित्राखालच्या खुर्चीत त्याला डुलकी लागते, दार उघडते, आणि लॉरा स्वतः आत येते. त्या क्षणी तो प्रियकर होऊ पाहतो, आणि पुढच्याच क्षणी त्याला तपासनीस व्हावे लागते, कारण जिवंत असलेली लॉरा आता संशयित आहे. त्याचे प्रेम तपासातून उगवते. मराठी-हिंदी कथेत क्रम उलटा आहे. नवरा या स्त्रीचा चेहरा, आवाज, सवयी सारे जाणतो. अपरिचित असे काहीच नाही. आणि तरीही त्याला तिच्यावर विश्वास ठेवता येत नाही, कारण तिला अग्नी देताना तोच उभा होता. ‘मेरा साया’मध्ये तो वकील आहे आणि भर न्यायालयात तिची उलटतपासणी, म्हणजे विरुद्ध पक्षाने साक्षीदाराची घेतलेली परीक्षा, तो स्वतः करतो. ती दोघांनाच ठाऊक असलेल्या आठवणी सांगू लागते. प्रत्येक बरोबर उत्तर त्याला सुखावण्याऐवजी अधिक घायाळ करते. ते खोटे असेल तर कोणीतरी त्याच्या संसाराची चोरी केली आहे, आणि खरे असेल तर त्याने स्वतःच्या बायकोला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. जुळ्या बहिणीची गोष्ट उलगडल्यावर कोडे सुटते. पण कोड्याचा भार तोवर कुठल्या कुठे निघून गेलेला असतो.

खून कोणी केला, हा अमेरिकी तपासपटाचा प्रश्न. ही बाई कोण, हा मराठी रहस्यपटाचा. पहिल्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी बाहेरचा, तटस्थ, पैसे घेऊन काम करणारा माणूस लागतो. दुसऱ्याचे उत्तर घरातलाच माणूस देऊ शकतो, कारण पुरावा म्हणजे सहवास. मराठी पडद्याला गुप्तहेर मिळाला नाही याचे सर्वांत खोल कारण येथे आहे: त्याचे काम नवऱ्याने किंवा मुलीने आपल्याकडे घेतले होते. वसंत जोगळेकरांच्या ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) मध्येही आशा काळे यांनी रंगवलेल्या नायिकेला छळणारे भूत खरे की भास, हा प्रश्न घराच्या चार भिंतींतच निर्माण होतो आणि तिथेच सुटतो. कोकणी वातावरण आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत यांनी त्या चित्रपटाला जी उदास झाक दिली आहे ती कोणत्याही परकीय नमुन्यावरून आलेली नाही. या प्रकाराची तुलना ‘गॅसलाइट’ (१९४४) शी करण्याचा मोह होतो, आणि ती तुलना काही अंशी योग्यही आहे, कारण बायकोला वेड लागल्याचा आभास निर्माण करणाऱ्या त्या अमेरिकी चित्रपटातही धोका घरातच आहे. मात्र तिथेही तिला सोडवायला स्कॉटलंड यार्डचा माणूस दाराशी यावा लागतो.

घराबाहेर मराठी रहस्याला जे एकमेव सार्वजनिक व्यासपीठ लाभले ते न्यायालय. आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’ (१९६२) या नाटकाने फिरत्या रंगमंचावर लखोबा लोखंडेचा खटला उभा केला, आणि प्रभाकर पणशीकरांनी तो शेकडो प्रयोगांतून गावोगाव नेला. पाहणाऱ्याला पहिल्यापासून माहीत असते की भामटा तोच आहे. तरी साक्षीमागून साक्ष होताना तो कसा निसटतो आणि शेवटी कसा अडकतो, हे पाहण्यासाठी लोक पुन्हा पुन्हा येत. त्याआधी तीन वर्षे, २७ एप्रिल १९५९ रोजी, मुंबईत कमांडर नानावटी यांनी प्रेम आहुजा यांच्यावर गोळ्या झाडून स्वतः पोलिसांच्या स्वाधीन होण्याची घटना घडली होती. गुन्हेगार कोण याबद्दल क्षणभरही शंका नसलेल्या या खटल्याने देशभर जी खळबळ उडवली तिची सर कोणत्याही गूढ खुनाला आली नाही. नऊपैकी आठ ज्यूरींनी त्यांना निर्दोष ठरवले, उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून जन्मठेप दिली, आणि लोक चर्चा करीत राहिले ती नवरा, बायको आणि मित्र यांच्यात कोणाचे चुकले याची. पुण्याला हादरवून सोडणाऱ्या १९७६-७७ मधील जोशी-अभ्यंकर हत्याकांडावर आधारलेल्या राजदत्त यांच्या चित्रपटाचे नाव ‘माफीचा साक्षीदार’ (१९८६) असावे हेही याच परंपरेला धरून आहे. शिक्षेत सूट मिळवण्याच्या बदल्यात साथीदारांविरुद्ध साक्ष देणारा आरोपी म्हणजे माफीचा साक्षीदार. इथे गुन्ह्याची उकल बाहेरच्या कोणाच्या बुद्धीने होत नाही, टोळीतलाच एक जण बोलतो तेव्हा होते. हत्याकांडातील चार आरोपींना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली होती, त्यामुळे शेवट काय हे प्रत्येक प्रेक्षकाला माहीत होते, आणि चित्रपट त्या माहितीवरच उभा राहिला.

दूरदर्शनने मात्र परिस्थिती बदलली. मालिका म्हणजे तेच पात्र, तेच ठाणे, दर आठवड्याला नवा गुन्हा. जी कारखानदारी स्टुडिओंबरोबर लयाला गेली ती छोट्या पडद्यावर नव्या रूपात परतली. ‘एक शून्य शून्य’मधले शिवाजी साटम आणि ‘हॅलो इन्स्पेक्टर’मधले रमेश भाटकर यांना मराठी घरांनी ओळखीच्या माणसासारखे स्वीकारले. हे दोघेही पोलीस अधिकारी, खाजगी हेर नव्हेत, याकडेही लक्ष दिले पाहिजे. चित्रपटात चंद्रकांत कुलकर्णी यांनी १९९९ मध्ये ‘बिनधास्त’ हा जवळजवळ सर्व स्त्रीपात्रांचा रहस्यपट काढला आणि प्रियदर्शन यांनी पुढच्याच वर्षी त्याची तमिळ आवृत्ती केली. ‘पाठलाग’नंतर साडेतीन दशकांनी मराठी रहस्य पुन्हा एकदा सीमेपलीकडे गेले. त्यातही तपास चालतो तो दोन मैत्रिणींच्या नात्याच्या आत.

अखेर गुप्तहेर आला तो दोन वाटांनी, आणि दोन्ही वाटा पुणे जिल्ह्यातल्या. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे हा फुरसुंगीचा, म्हणजे दौंडकडे निघालेल्या माणसाला पुण्याबाहेर पडताच लागणाऱ्या गावाचा पोरगा. त्याच्यावर आदित्य सरपोतदार यांनी २०१७ मध्ये काढलेल्या ‘फास्टर फेणे’त तो मोठा होऊन वैद्यकीय प्रवेश परीक्षेतील गैरव्यवहाराचा छडा लावतो. अमेय वाघने रंगवलेला हा नायक चपळ आहे, निर्मळ आहे आणि मराठी प्रेक्षकाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. अर्नाळकरांच्या नायकांना जे मिळायला हवे होते ते मुलांच्या पुस्तकातल्या नायकाला मिळाले याचा आनंद मानावा, आणि झुंजारचा चित्रपट राहून गेला याची हळहळही असावी. दुसरी वाट अधिक काळोखी आहे. निखिल महाजन यांच्या ‘पुणे ५२’ (२०१३) मध्ये गिरीश कुलकर्णी यांनी अमर आपटे हा खाजगी गुप्तहेर उभा केला. काळ १९९० च्या दशकाच्या आरंभीचा. देशाची अर्थव्यवस्था खुली होते आहे, शहर बदलते आहे, आणि आपटे घरभाड्याला महाग झाला आहे. हॅमेट आणि चँडलर या अमेरिकी रहस्यलेखकांच्या नायकांची थकलेली चाल मराठीत प्रथमच इतक्या विश्वासाने चालली. मात्र त्याच्याकडे येणारे काम पाहावे: बायकोचा नवऱ्यावर संशय, नवऱ्याचा बायकोवर. नेहा ही अशील आपल्या नवऱ्याच्या मागावर राहायला त्याला नेमते, तो तिच्यात गुंतत जातो आणि त्याचे प्राचीबरोबरचे लग्न त्याच्या डोळ्यांसमोर मोडकळीला येते. ‘पाठलाग’मध्ये नवऱ्याला तपासनीस व्हावे लागले होते, इथे तपासनीस नवरा म्हणून तपासला जातो, आणि त्याच्यासमोर उभी असलेली बाई कोण, हा प्रश्न त्यालाही सुटत नाही.